कोडमागचे नाव: स्प्रेडशीटच्या सेलवर उमटणाऱ्या माहितीचा आढावा

महाराष्ट्रात कळंब एक नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुका आहे, पुणे जिल्ह्यात कळंब आहे, वसईच्या किनाऱ्यावर कळंब आहे आणि नेरळहून उल्हास नदी ओलांडून पुढे गेले की रायगड जिल्ह्यातले कळंब लागते. हे रायगडचे कळंब ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्या नावाचा दुसरा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. म्हणजे राज्याच्या एखाद्या यादीत ‘कळंब’ एवढेच लिहिले तर गाव कळत नाही आणि पुढे ‘कर्जत’ लिहिले तरी जिल्हा कळत नाही. त्यामुळे सरकारी याद्यांत नावाऐवजी संकेतांक येतो, म्हणजे आपण रोज म्हणतो तो कोड.

कोड यंत्राला सोयीचा असतो, माणसाला नाही. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. बँकेच्या आयएफएस कोडमध्येही अकराच अक्षरे: पहिली चार बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि उरलेली सहा शाखेची. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक मिळाला. ही रचना पाठ असलेला माणूसही नुसता क्रमांक पाहून शाळेचे किंवा गावाचे नाव सांगू शकत नाही. मग कोणी कागदावर यादी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवतो, कोणी दर वेळी दुसरी फाइल उघडतो, कोणी अंदाजाने भरून मोकळा होतो. यातला तिसरा प्रकार सर्वांत महागात पडतो, कारण चुकलेल्या एका अंकाने एखाद्याचे अनुदान दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ शकते.

सेलमध्ये कोड राहू द्यायचा, पण त्या सेलवर गेल्याबरोबर कोडमागचे नाव, नियम किंवा इशारा डोळ्यांपुढे यावा, हे कसे साधायचे? एक्सेल, गुगल शीट्स आणि लिबरऑफिस या तिन्हींत त्याचे अनेक मार्ग आहेत. प्रत्येक मार्ग कुठे कामाला येतो आणि कुठे दगा देतो, हे ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र, सोसायटी आणि बचत गट यांच्या दृष्टीने एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कागदावर ही सोय होतीच

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की ती नोंद वारसाने झाली, खरेदीने झाली की वाटपाने, हे कळते. सातबाऱ्याच्या छोट्या जागेत सगळी हकीकत मावत नाही, म्हणून तिथे फक्त खूण आणि तपशील दुसऱ्या वहीत. ग्रामपंचायतीतही असेच आहे. नमुना ८ मध्ये मालमत्तेची कर आकारणी असते, नमुना ९ मध्ये मागणी असते आणि दोन्ही वह्या मालमत्ता क्रमांकाने जोडलेल्या असतात.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तपशील एकाच वहीत असतो, बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक असतो. आणि तो क्रमांक उघड दिसतो, त्यामुळे ज्याच्या हातात सातबारा आहे त्याला पुढची वही मागता येते. संगणकावरची कोणतीही सोय या दोन कसोट्यांवर तपासून पाहावी.

संगणकावरची स्प्रेडशीट १९७९ मध्ये आली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी व्हिझिकॅल्क तयार केले आणि कोडवरून किंमत शोधून आणणारे लुकअप हे सूत्र तेव्हापासूनच सोबत आहे. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल आले. शोधून आणणे पहिल्यापासून सोपे होते. शोधलेले सेलवरच दाखवणे मात्र आजही सरळ नाही. एक्सेलच्या मॅक्रोंना, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांना, माउस सेलवर आल्याची वर्दीच मिळत नाही. सेल निवडला, बदलला किंवा त्यावर दोनदा क्लिक केले तरच मिळते. पुढच्या बहुतेक युक्त्या या उणिवेवर काढलेले तोडगे आहेत.

पहिला मार्ग: शेजारचा रकाना

कोडच्या शेजारी एक रकाना घ्यायचा आणि त्यात लुकअपचे सूत्र टाकायचे. यात चौकट उमटत नाही, नाव सरळ शेजारी दिसते. सर्वांत साधा आणि सर्वांत टिकाऊ मार्ग हाच. छापले तरी दिसतो, पीडीएफ केली तरी दिसतो, मोबाइलवरही दिसतो.

पण व्हीलुकअप वापरताना एक खबरदारी हवी. या सूत्राचा चौथा भाग रिकामा सोडला तर ते तंतोतंत जुळणी करत नाही, जवळपासची जुळणी करते. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर चुकीचे नाव येते आणि तेही कोणतीही चूक न दाखवता. म्हणून चौथ्या जागी शून्य किंवा फॉल्स लिहायलाच हवे. एक्सलुकअपमध्ये तंतोतंत जुळणी आपोआप होते. हे सूत्र एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, गुगल शीट्समध्ये २०२२ पासून आहे आणि लिबरऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून आहे. कार्यालयात एक्सेल २०१६ असेल तर ते चालणार नाही. तिथे व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच वापरावे.

दुसरी खबरदारी नावाची. शोध नावावर ठेवला आणि यादीत दोन ‘कर्जत’ असले तर हे सूत्र पहिल्या सापडलेल्या कर्जतशी थांबते. दुसरे कर्जत यादीत आहे हे ते सांगत नाही. शोध नेहमी कोडवर ठेवावा आणि नाव फक्त दाखवण्यासाठी आणावे.

या मार्गाची अडचण एवढीच की रकाने वाढत जातात. एका कोडमागे नाव, ग्रामपंचायत, उपकेंद्र, अंतर आणि संपर्क असे पाच तपशील असतील तर शीट आडवी पसरते आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मावत नाही. चौकटीची गरज इथे सुरू होते.

दुसरा मार्ग: सेलची टीप

सेलवर उजवे क्लिक करून किंवा शिफ्ट-एफ२ दाबून टीप लिहिता येते. एक्सेलमध्ये सेलच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण दिसतो आणि माउस वर नेला की टीप उघडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये उत्तर-प्रत्युत्तराच्या ‘कमेंट’ वेगळ्या झाल्या आणि जुन्या टिपांना ‘नोट’ हे नाव मिळाले. माहिती दाखवायची असेल तर नोट घ्यावी, चर्चा करायची असेल तर कमेंट.

बहुतेक लोक इथेच थांबतात, कारण हे पाच मिनिटांत जमते. पण टिपेत सूत्र बसत नाही. लिहिली तशीच ती राहते आणि बाहेरचे जग बदलत जाते. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि वसईजवळचे कळंब ठाणे जिल्ह्यातून पालघरमध्ये गेले. उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. २०२४ मध्ये तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी ही पदनामे मिळाली. शेजारच्या रकान्यात लुकअप असेल तर मूळ यादीत एक ओळ बदलली की सगळीकडे नवे नाव येते. चारशे सेलवर चारशे टिपा असतील तर त्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात आणि अनुभव असा की त्या कोणी दुरुस्त करत नाही.

छपाईचाही प्रश्न आहे. एरवी प्रिंट काढली तर टिपा कागदावर येत नाहीत. पेज सेटअपमध्ये जाऊन ‘शीटच्या शेवटी’ किंवा ‘दिसतात तशा’ हा पर्याय निवडावा लागतो. ग्रामसभेत कागद वाटला जातो. ज्या माहितीवर ग्रामसभेने बोलायचे ती टिपेत राहिली तर ती सभेपर्यंत पोहोचलीच नाही असे समजावे.

म्हणून टीप त्या एका सेलपुरत्या, न बदलणाऱ्या गोष्टीसाठी ठेवावी: ‘ही रक्कम दुरुस्त पावतीप्रमाणे’, ‘वजन दुसऱ्यांदा घेतले’. कोडचा अर्थ सांगण्यासाठी टीप वापरू नये.

तिसरा मार्ग: नोंद करतानाची सूचना

डेटा व्हॅलिडेशनमध्ये ‘इनपुट मेसेज’ असतो. सेल निवडला की शेजारी पिवळसर चौकट येते. माउस नुसता वर नेऊन ती येत नाही, सेल निवडावा लागतो. गुगल शीट्समध्ये व्हॅलिडेशनची मदत-सूचना आणि लिबरऑफिसमध्ये व्हॅलिडिटीतील इनपुट हेल्प हेच काम करतात. पूर्ण रकान्याला एकच सूचना लावता येते, हे तिचे बळ आणि हीच तिची मर्यादा. ती कोडनुसार बदलत नाही. पण काय भरायचे आणि कसे भरायचे, हा नियम सांगण्यासाठी याहून चांगले साधन नाही.

कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर कुपोषणाचे काम करणाऱ्यांच्या नोंदी डोळ्यांपुढे आणा. एका रकान्यात बालकाच्या दंडघेराचे माप भरायचे आहे. रकान्यावर गेल्याबरोबर चौकटीत यावे: ‘माप सेंटिमीटरमध्ये. ११.५ पेक्षा कमी: अतितीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या आत: मध्यम तीव्र कुपोषित.’ मापात मिलिमीटरची चूक झाली की बालकाची श्रेणी बदलते. ११५ भरायचे की ११.५, हा गोंधळ या एका चौकटीने टळतो. तिच्या जोडीला ‘५ ते ३० यांच्यामधलीच संख्या घ्यावी’ असे बंधन घातले की ११५ हा आकडा शीट स्वीकारतच नाही. लसीकरणाच्या शीटमध्ये पेंटाव्हॅलेंटच्या तीन मात्रांसाठी ‘६, १०, १४ आठवडे’ ही सूचना अशीच ठेवता येते. रेशनच्या यादीत ‘अंत्योदय: प्रति कार्ड ३५ किलो, प्राधान्य कुटुंब: प्रति व्यक्ती ५ किलो’ ही २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातली मापे ठेवता येतात.

मराठीत लिहिताना एका मर्यादेकडे लक्ष हवे. एक्सेलमध्ये या सूचनेच्या शीर्षकाला ३२ आणि मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे आणि संगणक देवनागरी अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त तो स्वतंत्र धरतो. ‘कर्जत’ आपल्याला तीन अक्षरी वाटते, संगणक पाच मोजतो: क, र, हलन्त, ज, त. ‘ग्रामपंचायत’ आपल्या हिशेबी सहा, संगणकाच्या हिशेबी अकरा. म्हणजे २५५ ची जागा मराठीत प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास अक्षरांची उरते. सूचना तोकडी आणि नेमकी लिहावी. ‘कृपया येथे नोंद करण्यात यावी’ अशा शब्दांत जागा घालवू नये.

चौथा मार्ग: दुवा

सेलला हायपरलिंक जोडली की ‘स्क्रीनटिप’ लिहिता येते आणि ती माउस वर नेल्यावर दिसते. हाताने जोडलेल्या दुव्यालाच ही सोय आहे, हायपरलिंक या सूत्राने केलेल्या दुव्याला नाही. हा मजकूरही टिपेसारखा गोठलेलाच असतो.

पण सूत्राने केलेल्या दुव्याचा दुसरा उपयोग आहे. कोडवर क्लिक केले की मूळ यादीतल्या नेमक्या त्याच ओळीवर उडी घेता येते. सातबाऱ्यावरचा क्रमांक घेऊन फेरफार नोंदवही उघडावी तसेच हे काम होते. चौकट उमटत नाही, पण जी माहिती दिसते ती मूळ यादीतली, ताजी असते. मॅक्रो लागत नाही. तपशील जास्त असलेल्या शीटसाठी या मार्गाची शिफारस करावीशी वाटते.

पाचवा मार्ग: मॅक्रो

एक्सेलमध्ये सेलची निवड बदलली की चालणारा मॅक्रो लिहिता येतो. निवडलेल्या सेलमधला कोड तो मूळ यादीत शोधतो आणि सगळे तपशील एका चौकटीत सेलशेजारी दाखवतो. प्रत्येक कोडची चौकट वेगळी आणि मजकूर मूळ यादीतून आलेला, म्हणजे ताजा. लोकांना ‘सेलवर गेलो की माहिती दिसावी’ म्हणताना जे हवे असते ते खऱ्या अर्थाने इथे मिळते.

किंमत मात्र मोठी आहे. फाइल मॅक्रोची परवानगी असलेल्या प्रकारात साठवावी लागते. मॅक्रोने शीटमध्ये काही बदल केला की ‘अनडू’ची यादी पुसली जाते आणि चुकून खोडलेली ओळ परत आणता येत नाही. ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि ते योग्यच झाले, कारण मॅक्रोच्या वाटेने व्हायरस येतात. पण त्यामुळे तालुक्याहून ई-मेलने आलेली फाइल कळंबमध्ये उघडली तर चौकट उमटत नाही आणि ती का उमटत नाही हे समोरच्याला कळत नाही. शिवाय मॅक्रो लिहिणारा कर्मचारी बदलून गेला की तो दुरुस्त करणारे कोणी उरत नाही. एकाच संगणकावर, एकाच माणसाच्या हाताखाली चालणाऱ्या शीटसाठी मॅक्रो ठीक आहे. फिरत्या फाइलीसाठी नाही.

मॅक्रो न वापरता याच्या जवळ जाण्याची एक युक्ती आहे. शीटच्या वरच्या दोन ओळी गोठवून तिथे माहितीपट्टी करायची. त्या पट्टीतली सूत्रे ‘सेल’ या फंक्शनच्या मदतीने चालू सेलमधला कोड वाचतात आणि तपशील आणतात. सेल निवडून एफ९ दाबले की पट्टी ताजी होते. एक कळ जास्त दाबावी लागते, पण सुरक्षेची कोणतीही परवानगी लागत नाही.

सहावा मार्ग: गुगल शीट्सची स्क्रिप्ट

गुगल शीट्समध्ये ॲप्स स्क्रिप्ट आहे. निवड बदलली की खाली उजवीकडे क्षणभर दिसणारी सूचना दाखवता येते. स्वतःचा मेनू करून बाजूची पट्टी उघडता येते. सर्वांत उपयोगी प्रकार तिसरा: सेलमध्ये कोड टाकल्याबरोबर स्क्रिप्ट तो मूळ यादीत शोधते आणि त्याचे नाव त्या सेलच्या टिपेत स्वतः लिहिते. संपादन केल्यावर चालणारी ही स्क्रिप्ट गुगलच्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे मोबाइलवरून नोंद केली तरी टीप तयार होते. स्वतःचे मेनू आणि बाजूच्या पट्ट्या मात्र मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत.

मूळ यादी बदलली तर आधी लिहिलेल्या टिपा जुन्याच राहतात. त्यावर उपाय आहे. रोज रात्री ठरलेल्या वेळी चालणारी स्क्रिप्ट लावून सगळ्या टिपा नव्याने लिहून घ्याव्यात. एवढे केले तर टिपेचा गोठलेपणा बराच कमी होतो. अडचण नेटवर्कची. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा संपूर्ण काम नेटवर टाकण्यापूर्वी एक प्रत संगणकावर ठेवावी.

सातवा मार्ग: माहितीचे कार्ड

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘डेटा टाइप’ आहेत. सेलमध्ये छोटे चिन्ह येते आणि त्यावर क्लिक केले की कार्ड उघडते. भूगोलाचा तयार प्रकार ठिकाणाची माहिती इंटरनेटवरून आणतो. नाव संदिग्ध असेल तर प्रश्नचिन्ह दाखवून ‘यातले कोणते?’ असे विचारतो. विचारण्याची ही पद्धत स्तुत्य आहे, पण वाडी-पाड्यांच्या कामाला बाहेरून आलेली माहिती पुरत नाही. त्यासाठी पॉवर क्वेरीतून आपल्याच यादीचा डेटा टाइप करता येतो. यादीतले अनेक रकाने एका सेलमध्ये मिटवून ठेवले जातात आणि कार्डवर उलगडतात. मॅक्रो नाही, मजकूर गोठलेला नाही, रकाने पसरत नाहीत. तंत्र म्हणून हा सगळ्यांत नीटस मार्ग आहे. पण दरवर्षी वर्गणी भरणाऱ्यांनाच तो मिळतो आणि ती फाइल जुन्या एक्सेलमध्ये उघडली तर कार्ड उलगडत नाही. गावपातळीवर आज तो मोजक्यांच्याच आवाक्यात आहे.

लिबरऑफिस विनामूल्य आहे आणि त्याचा मराठी पडदाही मिळतो. त्यात असे कार्ड नाही, पण टीप, इनपुट हेल्प, लुकअप आणि निवड बदलल्यावर चालणारा मॅक्रो एवढे सगळे आहे. नवा परवाना घेण्याची ऐपत नसलेल्या संस्थेने पहिला आणि तिसरा मार्ग लिबरऑफिसमध्ये निर्धास्त वापरावा.

चौकट चुकते कुठे

मार्ग कोणताही घ्या, कोड जुळला नाही तर चौकट रिकामी येते किंवा चुकीची येते. कोकणात याचे सर्वांत ठळक उदाहरण सर्व्हे नंबर आणि हिश्शाचे आहे. सेलमध्ये १२/१ टाइप करून एंटर दाबा. एक्सेल त्याला तारीख समजतो आणि सेलमध्ये १२ जानेवारी दिसते. आतमध्ये तो सर्व्हे नंबर उरतच नाही. १२ जानेवारी २०२५ ही तारीख एक्सेलच्या लेखी ४५६६९ हा आकडा आहे. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तर १२/१ परत येत नाही, ४५६६९ दिसते. मूळ यादीत १२/१ असतो, इथे ४५६६९ असतो, आणि लुकअप म्हणतो की असा सर्व्हे नंबर नाही. शेजारची १२/१/अ ही नोंद मात्र तशीच राहते, त्यामुळे चूक काही ओळींतच दिसते आणि शोधायला अवघड जाते. उपाय एकच: नोंद सुरू करण्यापूर्वी पूर्ण रकाना टेक्स्ट करावा. ‘००३’ असा वाडी कोड टाकल्यावर नुसते ३ उरते, त्यालाही हाच उपाय.

दुसरी चूक जुन्या फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाकडे त्याची रोमन अक्षरेच असतात. युनिकोडमधल्या यादीशी तो कधीच जुळत नाही. इनपुट मेसेजच्या चौकटीचा फॉन्ट आपल्याला बदलता येत नाही, त्यामुळे तिथे हा मजकूर चिटकवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. जुन्या याद्या आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चौकटींच्या कामाला लागू नये.

तिसरी चूक नजरेला न दिसणारी. नावापुढे राहिलेली मोकळी जागा किंवा ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप झालेले. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. मोकळी जागा ट्रिम या सूत्राने जाते. जोडाक्षरांसाठी कोडवर शोध ठेवणे हाच खात्रीचा इलाज.

वाडीचे नाव आणि वाडीची वाट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूरवाडी नावाच्या कितीतरी वाड्या आहेत. बऱ्याच वाड्या स्वतंत्र महसुली गाव नसल्याने गावांच्या सरकारी यादीत त्यांची वेगळी ओळ नसते आणि वेगळा कोडही नसतो. शीटमध्ये नुसते मूळ गावाचे नाव येते आणि वाडी त्यात विरून जाते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना पावसात डोंगर चढून पायी जावे लागले आणि यंत्रसामग्री वर नेता आली नाही. अशा वाडीबद्दल कोणत्याही यादीत आधी काय दिसायला हवे, याचे उत्तर त्या रात्रीने दिले आहे: घरे किती, माणसे किती, गाडी कुठपर्यंत जाते, पुढे किती वेळ पायी चालावे लागते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वाड्यांना स्वतःचे कोड द्यावेत, मूळ गावाच्या सरकारी क्रमांकाला जोडून द्यावेत आणि प्रत्येक कोडमागे हा तपशील ठेवावा. आरोग्याच्या शीटमध्ये, पाणीटंचाईच्या शीटमध्ये, शाळेच्या शीटमध्ये तोच कोड वापरावा. मग कोणत्याही शीटमध्ये वाडीच्या सेलवर गेले की तीच माहिती दिसेल. आणि ‘मोटारीचा रस्ता नाही’ हे तीन शब्द चौकटीत न ठेवता शेजारच्या रकान्यात उघड ठेवावेत. ज्यावर निर्णय अवलंबून आहे ते शोधायला लागू नये.

झाकलेले म्हणजे सुरक्षित नव्हे

टिपेत मोबाइल नंबर, लपवलेल्या शीटमध्ये आधार क्रमांक, चौकटीत आजाराचे नाव ठेवले की ते दिसत नाही, म्हणून सुरक्षित आहे असा समज फार पसरला आहे. फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली की टिपाही जातात आणि लपवलेली शीटही जाते. उजवे क्लिक करून ‘अनहाइड’ म्हटले की सगळे उघडे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा डिजिटल कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कातकरी वाडीतल्या एखाद्या बाईचा आजार किंवा एखाद्याचे खाते सगळ्या ग्रुपने वाचावे, हे कोणालाच मान्य होणार नाही. फाइल पाठवण्यापूर्वी एक्सेलमधले ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावे. त्यात टिपा आणि लपवलेल्या शीट सापडतात. त्याहून चांगले म्हणजे वैयक्तिक तपशिलाची यादी फिरत्या फाइलीत ठेवूच नये. चौकटीत दाखवायची माहिती अशी असावी की फाइल गावभर गेली तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

कोणासाठी काय

मोबाइलवर माउस नसतो. आज गावातले निम्म्याहून जास्त वाचन मोबाइलवर होते असे गृहीत धरूनच शीट आखावी, कारण ‘वर नेल्यावर दिसते’ ही सोय तिथे लागूच पडत नाही. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना छोटी चौकट वाचता येत नाही आणि कागद हातात घेऊन बसलेल्याला ती दिसतच नाही.

हे लक्षात घेतले तर निवड सोपी होते. वाचणाऱ्याला ज्याची गरज आहेच ते नाव शेजारच्या रकान्यात लुकअपने आणावे. भरणाऱ्याला जो नियम लागतो तो इनपुट मेसेजमध्ये ठेवावा. अधूनमधून लागणारा मोठा तपशील दुव्याने मूळ यादीत दाखवावा किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर कार्डवर. टीप त्या एका सेलच्या खुलाशापुरती. मॅक्रो एकाच टेबलावरच्या कामापुरता. गुगलची स्क्रिप्ट जिथे अनेकजण मोबाइलवरून एकाच शीटमध्ये भरतात तिथे. भातपिकाच्या नोंदीत कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या कर्जत-३, कर्जत-७ अशा वाणांसमोर हळवे, निमगरवे की गरवे हे रकान्यात यावे. लागवडीचा तपशील दुव्यामागे राहिला तरी चालेल.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम: कोडांची एकच मूळ यादी. ती कोण सांभाळणार, शेवटची कधी तपासली, हे तिच्या पहिल्याच ओळीत लिहावे. यादी पक्की असेल तर साध्यात साधा मार्गही पुरतो. यादी कच्ची असेल तर सर्वांत महाग मार्गही चुकीचेच नाव दाखवतो.

शीट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने या आठवड्यात एवढे करावे. आपली शीट छापावी आणि ती कधीही न पाहिलेल्या शेजाऱ्याच्या हातात द्यावी. प्रत्येक ओळ कोणत्या गावाची, कोणत्या वाडीची आणि कशाबद्दल आहे हे त्याला न विचारता सांगता आले, तर चौकटी लावा, सोय वाढेल. सांगता आले नाही, तर आधी कोडशेजारी नाव लिहा.